तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : दोषी कुणीच नाही, तरी सगळं एकाच बाजूला झुकलेलं

मागच्या अंकात लंडनच्या स्टीफन लॉरेन्सवर दोन पानं छापली होती, त्याला एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काहींनी चिडून लिहिलंय, काहींनी मनापासून, एका सद्गृहस्थांनी माझ्या शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढून पाठवल्यात (सगळ्या मान्य, पण मुद्द्यावर एक अक्षर नाही). ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांना एका दमात सांगतो. २२ एप्रिल १९९३ च्या रात्री एल्थम भागात बसची वाट बघत असलेल्या १८ वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या पोरांच्या टोळक्याने भोसकून मारलं, कारण काही नाही, तो काळा होता एवढंच. संशयितांची नावं पोलिसांकडे एका दिवसात यायला लागली, पहिली अटक व्हायला दोन आठवडे गेले, केस बारगळली, आणि दोघांना शिक्षा व्हायला २०१२ उजाडलं. आता प्रश्नांकडे वळू.

प्रश्न : मी ३१ वर्षं पोलीस खात्यात काढली. खात्यात नालायक माणसं असतात हे मीच पहिल्यांदा मान्य करीन. पण "संस्थात्मक वंशवाद" म्हणून अख्ख्या खात्याच्या कपाळावर शिक्का मारायचा, हा रात्र रात्र ड्युटी करणाऱ्यांचा अपमान नाही का?
– एक निवृत्त अधिकारी

साहेब, १९९९ मध्ये लॉरेन्स प्रकरणाचा चौकशी अहवाल आला तेव्हा ब्रिटिश पोलीस शब्दशः हेच म्हणत होते, त्यामुळे तुमचा राग मला नवा नाही. पण अहवाल लिहिणारे सर विल्यम मॅकफर्सन काही झेंडा घेऊन फिरणारे नव्हते, हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी व्याख्या केली ती साधारण अशी, की माणसाचा रंग, संस्कृती किंवा वंश बघून एखादी संस्था त्याला धड सेवा देऊ शकत नसेल, आणि हे मुद्दाम नाही तर नकळतच्या पूर्वग्रहातून, अज्ञानातून, विचार न करण्यातून, ठोकळेबाज समजुतींतून घडत असेल, तर तो संस्थात्मक वंशवाद. यात प्रत्येक शिपाई वंशवादी आहे असं कुठेही नाही, उलट तसं आम्ही म्हणत नाही हे त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

त्या रात्रीचंच बघा ना. पोलीस पोचले तेव्हा एक काळा मुलगा जमिनीवर पडलेला आणि त्याचा मित्र ड्वेन ब्रुक्स घाबरून ओरडत होता. अनुभवी डोळ्यांना काय दिसलं? काळ्या पोरांची मारामारी. स्टीफनला नीट प्रथमोपचार मिळाला नाही, जखम कुठे आहे हेसुद्धा कुणी धड बघितलं नाही, आणि ड्वेनला साक्षीदाराची वागणूक मिळायच्या ऐवजी संशयाची मिळाली. पुढे स्टीफनची आई डोरीन यांनी मोठ्या साहेबांच्या हातात संशयितांची नावं लिहिलेला कागद दिला, तर त्यांनी बोलता बोलता त्याची घडी घालत घालत तो एवढुसा करून टाकला, असं डोरीन यांनी चौकशीत सांगितलं. आता यातला एकही माणूस घरून निघताना "आज काळ्यांवर अन्याय करायचा" असं ठरवून निघाला नसेल. प्रत्येकाने एक छोटा अंदाज बांधला. प्रॉब्लेम एवढाच की सगळ्यांचे अंदाज एकाच बाजूला झुकले.

मी याला मर्जीच्या जागा म्हणतो. कुणाला थांबवायचं, कुणाला समज देऊन सोडायचं, कुणाला आत घ्यायचं, कोणतं कलम लावायचं, जामिनाला विरोध करायचा का नाही. तुम्ही ३१ वर्षं या जागांवर बसलात, तिथे किती ताकद असते ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. बाकी "संस्थात्मक वंशवाद" हा शब्द जुना आहे, १९६७ मध्ये अमेरिकेत स्टोकली कारमायकल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी तो वापरात आणला. चर्चवर बॉम्ब टाकून पोरं मारली तर सगळे हळहळतात, पण त्याच शहरात अन्न-औषधाविना दरवर्षी शेकडो काळी बाळं दगावतात त्याचा आरोपी कोण, असा त्यांचा सवाल होता.

प्रश्न : मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुरुंगात काळे जास्त आहेत याचा सरळ अर्थ ते गुन्हे जास्त करतात असा का नाही घ्यायचा? आकडे खोटं बोलत नाहीत ना?

आकडे खोटं बोलत नाहीत, पण त्यांना जे विचाराल तेवढंच सांगतात. इंग्लंड-वेल्समध्ये २०१९-२० साली पोलिसांनी रस्त्यात थांबवून झडती घेण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा काळ्यांमध्ये जवळपास नऊपट होतं. यातल्या बहुतेक झडत्या अमली पदार्थांसाठी, आणि चारातल्या साधारण तीन झडत्यांमध्ये पुढे काहीही कारवाई झाली नाही. म्हणजे जाळं टाकलंय एकाच डबक्यात आणि मग म्हणायचं की बघा, मासे इथंच सापडतात. गांजा ओढणारी पोरं युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर पण असतात हो, तिथल्या खोल्यांची रोज झडती होत नाही. आणि ज्याच्या खिशात पुडी सापडली त्याची नोंद झाली की पुढच्या वेळेला तो "पोलिसांना माहीत असलेला" होतो, मग समज देऊन सोडायचं दार बंद.

पण मला यापेक्षा भारी वाटतं ते डेव्हिड लॅमी यांच्या २०१७ च्या अहवालातलं एक प्रकरण. लॅमी तेव्हा विरोधी पक्षाचे खासदार, काम दिलं हुजूर पक्षाच्या पंतप्रधानांनी. आकडे नेहमीचेच निघाले, लोकसंख्येत अल्पसंख्य वंशाचे १४ टक्के, कैद्यांत २५ टक्के, आणि अल्पवयीन कैद्यांत तर ४० टक्क्यांच्या वर. मग लॅमींनी एकेक टप्पा तपासला आणि ज्युरीपाशी येऊन थांबले, कारण सगळ्यांना वाटत होतं खोट तिथे असणार, तर ज्युरीच्या निकालांत वंशाप्रमाणे फरक सापडलाच नाही! बारा अनोळखी माणसं एकत्र बसतात, एकमेकांना आपलं मत पटवून द्यावं लागतं, तिथे पूर्वग्रह उघडा पडत असावा.

मग फरक पडतो कुठे? बऱ्याच ठिकाणी पडतो, पण त्यातली एक जागा अशी की वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. तिकडे गुन्हा पहिल्याच संधीला कबूल केला तर शिक्षेत एक तृतीयांश सूट मिळते, म्हणजे ३६ महिन्यांचे २४. ही सूट सगळ्यांना सारखी, कागदावर रंगाचा उल्लेख सुद्धा नाही. पण काळे आणि इतर अल्पसंख्य आरोपी गोऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात "कबूल नाही" म्हणतात. कारण विश्वासच नाही. पोलीस ठाण्यात फुकटात मिळणारा वकील हा पोलिसांचाच माणूस असं त्यांना वाटतं, तो म्हणाला बाबा कबूल करून टाक, पुरावा भक्कम आहे, तर याला वाटतं हा मला विकतोय. आणि लहानपणापासून दर महिन्याला उगाच थांबवलेल्या पोराला असं वाटलं तर त्यात त्याचं काय चुकलं? मग खटला चालतो, दोषी ठरतो, सूट गेली, पूर्ण शिक्षा. त्या खोलीत न्यायाधीश नियमाने वागले, वकील नियमाने वागला, कारकुनाने सुद्धा नियमाने शिक्का मारला, आणि वर्षभर जास्त तुरुंगात कोण गेलं ते बघा.

(मी एकदा लंडनच्या एका कोर्टात प्रेक्षकांच्या बाकावर तीन दिवस बसलो होतो, कुणालाही बसता येतं, तिकीट नाही. आरोपी काचेच्या मागे. वकील त्याच्याशी बोलायला गेला की तो मान फिरवायचा. तेव्हा मला तो पोरगा माजोरडा वाटला होता. हे आत्ता लिहिताना लाज वाटतेय.)

परीक्षेत लिहायला वापर, पण वर्गात भांडायला जास्त उपयोग होईल.

प्रश्न : "काळे" लिहिणं बरं दिसतं का? "कृष्णवर्णीय" का लिहीत नाही?

कृष्णवर्णीय हा शब्द चांगला आहे, पण बोलताना कुणाच्या तोंडात येतो? ती माणसं स्वतःला अभिमानाने ब्लॅक म्हणवतात, त्याला मराठीत काळे. शब्दापेक्षा म्हणणाऱ्याचा सूर बघावा. जुन्या मराठी पुस्तकांतला निग्रो मात्र आता नको.

प्रश्न : माणसाची मर्जी हीच भानगड असेल तर ती काढून टाका की. गुन्हा अमुक तर शिक्षा तमुक, न्यायाधीशाने फक्त कोष्टकात बघायचं. मग कसला आलाय वंशवाद?
– एक निवृत्त गणित शिक्षक

सर, अमेरिकेने हे करून बघितलंय. १९८६ मध्ये त्यांच्या संसदेने कोकेनसाठी सक्तीच्या किमान शिक्षा ठरवल्या. पावडर कोकेन ५०० ग्रॅम सापडलं तर कमीत कमी पाच वर्षं, आणि क्रॅक म्हणजे तेच कोकेन खाण्याच्या सोड्यात शिजवून केलेले खडे, ते फक्त ५ ग्रॅम सापडले तरी तीच पाच वर्षं. एकास शंभर. पावडर महाग, पैसेवाल्यांच्या पार्ट्यांत चालायची, क्रॅक स्वस्त, गरीब काळ्या वस्त्यांत विकलं जायचं. कायद्यात रंगाचं नाव नाही, कोष्टक सगळ्यांना एकच, आणि तुरुंग भरले कुणी हे वेगळं सांगायला नको. २०१० मध्ये हे प्रमाण एकास अठरावर आणलं. एकास एक अजून नाहीच.

दुसरी गोष्ट, मर्जी नाहीशी होत नाही, खुर्ची बदलते. न्यायाधीशाचे हात बांधले की सगळी ताकद सरकारी वकिलाकडे जाते, कारण कोणतं कलम लावायचं ते तो ठरवतो, आणि न्यायाधीश निदान उघड्या कोर्टात कारणं देऊन बोलतो, हा बंद दाराआड सौदा करतो. मिसिसिपीचं प्रकरण ऐकून तुमच्यातला गणिताचा मास्तर जागा होईल. कर्टिस फ्लॉवर्स नावाच्या काळ्या माणसावर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालवला, सरकारी वकील सहाही वेळा तोच, आणि ज्युरीतून नावं खोडायचा जो अधिकार असतो तो वापरून त्याने काळ्या ज्युरींपैकी ४२ मधले ४१ खोडले. योगायोगाची शक्यता तुम्हीच काढा. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल रद्द केला, पुढच्या वर्षी आरोप मागे घेतले. तोवर माणसाची वीसेक वर्षं आत गेली होती.

आणि आकड्यांचं गणित कोर्टापुढे मांडून काय होतं? जॉर्जिया राज्यातल्या वॉरन मॅकक्लेस्कीने तेच केलं. दोन हजारांवर खून खटल्यांचा अभ्यास, त्यात निघालं की मेलेला माणूस गोरा असेल तर मारणाऱ्याला फाशीची शिक्षा व्हायची शक्यता चौपटीहून जास्त. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, आकडे बरोबर आहेत असं धरून चालू, पण तुझ्याच खटल्यात अमुक माणसाने मुद्दाम भेदभाव केला हे दाखव. पाच विरुद्ध चार. ते बहुमताचं निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल निवृत्त झाल्यावर म्हणाले की एखादं मत बदलता आलं असतं तर हे बदललं असतं. मॅकक्लेस्कीला त्याचा काय उपयोग, त्याला १९९१ मध्येच विजेच्या खुर्चीत बसवलं. म्हणून मी सारखं म्हणतोय, खलनायक दाखवा अशी अट घातली की ही गोष्ट कधीच सिद्ध होत नाही.

प्रश्न : हा रंगाचा प्रश्न आहे की पैशाचा? गरीब माणूस जगात सगळीकडेच अडकतो.

दोन्हीचा, आणि ते एकमेकांत कसे गुंततात ते बघायचं असेल तर मिसूरीतलं फर्ग्युसन हे छोटं शहर बघा. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथे मायकल ब्राउन या १८ वर्षांच्या मुलाला पोलिसाने गोळी घातली, शहर पेटलं, केंद्राचं न्याय खातं चौकशीला आलं. मार्च २०१५ मध्ये एकाच दिवशी दोन अहवाल निघाले. एकात म्हटलं की गोळी घालणाऱ्या पोलिसावर खटला भरण्याइतका पुरावा नाही. दुसऱ्यात म्हटलं की इथलं पोलीस खातं आणि कोर्ट काळ्या नागरिकांचे हक्क रोज तुडवतंय. बऱ्याच लोकांना यात विसंगती वाटली, मला नाही वाटत.

झालं होतं असं की शहराच्या खर्चाचा मोठा भाग दंडाच्या पैशांवर चालायचा, वरून पोलिसांना सांगणं यायचं की पावत्या वाढवा. लोकसंख्येत काळे ६७ टक्के, गाड्या अडवल्या त्यात ८५ टक्के, अटकेत ९३ टक्के. एका बाईने २००७ मध्ये गाडी चुकीच्या जागी लावली, दंड १५१ डॉलर अधिक फी. भरता आला नाही, तारखा चुकल्या, वॉरंट निघालं, सहा दिवस कोठडीत, एकूण ५५० डॉलर भरून झाले, आणि २०१४ संपताना तिच्या नावावर बाकी किती? ५४१ डॉलर. गरीब होती म्हणून अडकली हे खरंच, पण जाळं कुणाच्या दारात टाकायचं हे रंगाने ठरत होतं, आणि अधिकाऱ्यांच्या ईमेलमध्ये काळ्यांवरचे घाणेरडे विनोद सापडले ते वेगळंच.

प्रश्न : आपल्या लोकांचा यात काय संबंध? तिकडे आपले लोक अभ्यास करतात, नोकरी करतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. उगाच काळ्यांच्या भांडणात कशाला पडायचं?

हा प्रश्न तीन पत्रांत आलाय आणि तिन्ही वेळेला मला राग आला, तर शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

१९७६ मध्ये लंडनच्या साउथॉलमध्ये गुरदीप सिंग चग्गर हा १८ वर्षांचा मुलगा भर रस्त्यात भोसकून मारला गेला. त्यानंतर तिथल्या पोरांनी संघटना उभी केली, कारण घरातली मोठी माणसं अध्यात ना मध्यात राहून काही होत नव्हतं. १९७९ मध्ये त्याच साउथॉलमध्ये वंशवाद्यांच्या सभेविरुद्ध निदर्शनं झाली, त्यात ब्लेअर पीच हा गोरा शिक्षक डोक्यात घाव बसून मेला. पोलिसाच्याच फटक्याने मेला असावा असं म्हणणारा पोलिसांचाच अंतर्गत अहवाल होता, तो बाहेर यायला २०१० साल लागलं. १९८१ मध्ये ब्रॅडफर्डच्या बारा आशियाई पोरांनी फॅसिस्ट चालून येणार म्हणून पेट्रोल बॉम्ब करून ठेवले, कोर्टात सरळ सांगितलं हो केले, वस्ती वाचवायला केले, आणि ज्युरीने बाराही जणांना सोडलं. ही पोरं स्वतःला काय म्हणवून घ्यायची? ब्लॅक. त्या काळात तिकडे ब्लॅक म्हणजे कातडीचा रंग नव्हता, कोणाच्या बाजूला उभं राहायचं ते होतं.

आणि झाहिद मुबारक. १९ वर्षांचा, सहा पौंडांची दाढीची पाती वगैरे चोरल्याबद्दल ९० दिवसांची शिक्षा. फेल्टमच्या तरुणांच्या तुरुंगात त्याला ज्याच्यासोबत एका खोलीत ठेवला त्या पोराची हिंसा आणि पत्रांतला वंशद्वेष तुरुंगवाल्यांच्या कागदांत होता. मार्च २००० मध्ये ज्या सकाळी झाहिद सुटणार होता त्याच पहाटे त्या पोराने टेबलाच्या पायाने त्याचं डोकं फोडलं. सरकार जाहीर चौकशी करायला तयार नव्हतं, घरचे लॉर्ड्सपर्यंत (म्हणजे तेव्हाच्या तिकडच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत) भांडले तेव्हा झाली, आणि २००६ च्या अहवालात १८६ चुका मोजल्या गेल्या. १८६! यातली एखादी कुणी टाळली असती तरी पोरगा घरी गेला असता.

राहता राहिलं आपलं नातं. जोतीरावांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तिने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरचं. आपल्या आजोबा-पणजोबांना संबंध कळला होता.

प्रश्न : २०२० ला जगभर एवढे मोर्चे निघाले, पुतळे पाडले. हातात काय पडलं?

मोर्चा म्हणून कमी, जिथे कुणी एक प्रकरण धरून बसलं तिथे जास्त. अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड मेला (मोर्चे त्यावरूनच निघाले) तेव्हा मिनियापोलिस शहराच्या पोलिसांचं पहिलं निवेदन काय होतं आठवतंय का, "पोलिसांशी संपर्क आला असताना वैद्यकीय कारणाने माणूस दगावला" अशा अर्थाचं. एका १७ वर्षांच्या मुलीने फोनवर रेकॉर्डिंग केलं नसतं तर तेवढ्यावर फाईल बंद झाली असती. पोलीस डेरेक शॉव्हिनला साडेबावीस वर्षं झाली, पण फ्लॉइडच्या नावाचा पोलीस सुधारणा कायदा खालच्या सभागृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकला तो अडकलाच.

लॉरेन्स घराण्याचा हिशोब मात्र वेगळा आहे. त्यांनी स्वतः खासगी खटला भरला, तो १९९६ मध्ये पडला. १९९७ मध्ये चौकशी मिळवली. २००० च्या कायद्याने पोलीस वंशभेदविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. एकदा निर्दोष सुटलेल्यावर पुन्हा खटला नाही हा शेकडो वर्षांचा नियम २००३ मध्ये गंभीर गुन्ह्यांपुरता बदलला, तेव्हा कुठे १९९६ ला सुटलेल्या गॅरी डॉब्सनला पुन्हा उभं करता आलं, आणि पुरावा म्हणून आला त्याच्या जाकिटाच्या कॉलरवरचा स्टीफनच्या रक्ताचा मोहरीपेक्षा बारीक डाग. आणि हे सगळं चालू असताना पोलिसांची गुप्त माणसं कुठे पाठवलेली? या कुटुंबाच्या मोहिमेभोवतीच, हे २०१३ मध्ये उघड झालं.

२०२३ मध्ये लुईस केसी यांनी लंडन पोलिसांची तपासणी करून पुन्हा तोच शब्द लिहिला, संस्थात्मक. पोलीस प्रमुख म्हणाले निष्कर्ष मान्य, शब्द वापरणार नाही. चोवीस वर्षांनी!

प्रश्न : भाचा शिकायला लंडनला चाललाय, दाढी आहे, सावळा आहे. पोलिसांनी रस्त्यात थांबवलं तर काय करायचं?
– एक मावशी

मावशी, पहिलं म्हणजे पळायचं नाही, हुज्जत घालायची नाही. झडती घेणार असतील तर अधिकाऱ्याने स्वतःचं नाव आणि ठाणं, कोणत्या कायद्याखाली घेतोय, कशाचा संशय आहे आणि काय शोधतोय एवढं सांगावं लागतं, साध्या कपड्यात असेल तर ओळखपत्र दाखवावं लागतं. नुसता रंग किंवा दाढी हे संशयाचं कारण चालत नाही. ठरावीक भागात ठरावीक वेळेपुरती संशयाशिवाय झडतीची परवानगी असते, तसं असेल तर तेही सांगावं लागतं. नुसत्या झडतीसाठी नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही, गाडी चालवत असेल तर गोष्ट वेगळी. आणि झडतीच्या नोंदीची प्रत मागायची, तिथे नाही मिळाली तर तीन महिन्यांच्या आत ठाण्यात जाऊन मागता येते. ही नोंद ठेवायची सक्ती १९८४ च्या कायद्याने आली, १९८१ ला लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगल पेटल्यानंतर, आणि वर जे नऊपट वगैरे मी लिहिलं ते याच कागदांच्या बेरजेतून निघालंय. तेव्हा भाच्याला सांगा, प्रत मागितल्याशिवाय हलायचं नाही, आणि घरी आल्यावर ती फेकून द्यायची नाही.